घरच्यांसाठी खुर्ची : पुण्यातील एका प्रशिक्षणाचा वृत्तान्त

बुधवार : बार्शीहून पुण्याकडे

सायकोसिसच्या (भास आणि निराधार संशय यांमुळे वास्तवाचे भान सुटते त्या मानसिक अवस्थेच्या) पहिल्या टप्प्यातील उपचार आणि कुटुंबाला द्यायचा आधार या विषयाचे प्रशिक्षण दवाखान्यांना देणारे तज्ज्ञांचे एक पथक श्रावणात पुण्यात येणार असल्याचे कळले, तेव्हा त्यांच्या पत्रातील एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. एकट्या डॉक्टरांना प्रवेश नव्हता. प्रत्येक दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि समाजकार्यकर्ता किंवा समुपदेशक अशा तिघांनी मिळूनच यायचे होते, कारण परतल्यावर काम तिघांनाच करायचे असते. त्यामुळे आमचे डॉक्टर, सिस्टर आणि मी अशी तिघे बार्शीच्या आमच्या लहानशा दवाखान्याचा फोन चालू ठेवून आणि दाराला कुलूप लावून एसटीने निघालो.

टेंभुर्णी, इंदापूर मागे पडले आणि भिगवणच्या अलीकडे उजनीचे पाणी रस्त्यावरून दिसू लागले. धरण भरत आलेले, आभाळ खाली उतरलेले, आणि पाऊस पडेल न पडेल अशा बेताचा. इंदापूरला चढून सिस्टरांच्या शेजारी बसलेल्या एका काकांनी आम्ही कशासाठी निघालो आहोत ते विचारून घेतले आणि काही वेळाने स्वतःच्या पुतण्याची हकिकत सांगायला सुरुवात केली. "आधी पोरगं गप गप झालं. मग म्हणायला लागलं, मोबाइलातनं माझं बोलणं ऐकत्यात. आम्ही म्हटलं, बारावीचं टेन्शन असंल." त्यानंतर देवरुषी झाला, मग डोक्याचा फोटो काढून झाला, तो निर्मळ निघाला म्हणून घरच्यांना हायसे वाटले, आणि आता लग्न लावून द्यावे म्हणजे सुधारेल असा विचार चालू होता. डॉक्टरांनी त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागाचा वार लिहून दिला आणि पुतण्याबरोबर त्याच्या आईवडिलांनीही जावे, असे दोनदा सांगितले. काकांनी कागद घडी करून टोपीत ठेवला.

सोलापूरकडून येणाऱ्यांसाठी एक सूचना. हडपसरपासून पुढे वाहनांची कोंडी संध्याकाळी फार असते, म्हणून दुपारी चारच्या आत पोहोचेल अशी गाडी धरावी. स्वारगेटला उतरल्यावर रिक्षा शोधत बसण्यापेक्षा तिथूनच मेट्रो घ्यावी, जिल्हा न्यायालय स्थानकावर वनाझकडे जाणारी मार्गिका बदलावी, म्हणजे डेक्कन, नळ स्टॉप या भागात भिजल्याशिवाय पोहोचता येते. आमचा मुक्काम एरंडवण्यात माझ्या आत्याकडे होता.

गुरुवार : भिंतीवरची रेषा

नळ स्टॉपजवळच्या एका संस्थेच्या सभागृहात प्रशिक्षण होते. शिकवणारे चौघे होते. चेन्नईहून आलेले एक ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ, अमेरिकेतील अशाच दवाखान्यात बरीच वर्षे काम करून परतलेल्या पुण्याच्या एक कुटुंब-समुपदेशक, शिक्षण आणि नोकरीचे काम पाहणारे एक गृहस्थ, आणि चौथा, स्वतः या आजारातून गेलेला, आता इतरांना साथ देण्याचे काम करणारा तिशीतला तरुण. या तरुणाला सहायक म्हणून कोपऱ्यात बसवलेले नव्हते. इतर तिघांइतकाच वेळ त्याच्या वाट्याला होता आणि डॉक्टरांचे एखादे वाक्य त्याला पटले नाही तर तो तिथल्या तिथे तसे सांगत असे.

व्याख्यानाने सुरुवात होईल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात प्रत्येक पथकाच्या हाती कोऱ्या कागदाची लांब पट्टी देण्यात आली. आपल्या दवाखान्यातील एक केसपेपर आठवायचा (नावगाव झाकून), मुलात पहिला बदल कोणाच्या लक्षात आला तिथून पहिली गोळी पोटात गेली तिथपर्यंत रेषा काढायची, आणि वाटेतले सगळे थांबे तिच्यावर मांडायचे. तासाभरात भिंती भरून गेल्या. शाळेतले मास्तर, मामा, अंगारा, जनरल प्रॅक्टिशनर, सलाईन, पुन्हा अंगारा, पोलीस ठाणे, आणि सरतेशेवटी मनोविकारतज्ज्ञ. एका केंद्राच्या रेषेवरचे पाच आठवडे निव्वळ अपॉइंटमेंटच्या प्रतीक्षेचे निघाले. त्यावर चेन्नईचे सर म्हणाले की गावाची मानसिकता बदलायला वर्षे लागतील, पण हे पाच आठवडे तुम्ही सोमवारपासून कमी करू शकता.

भास, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवते आहे असा पक्का संशय, बोलण्यातली संगती सुटणे, ही लक्षणे बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसतात ती किशोरवयाच्या अखेरीस आणि विशीत, म्हणजे शिक्षण, नोकरी, मैत्री यांची घडी बसण्याच्या नेमक्या वयात. उपचाराविना जाणारा काळ जितका लांबतो तितके मागे राहिलेले गाठणे कठीण होते. हा काळ कमी करता येतो हे नॉर्वेतील स्टाव्हँगर भागात दिसून आले. तिथे वर्तमानपत्रे, आकाशवाणी, शाळा आणि कुटुंबाचे डॉक्टर यांच्यामार्फत लोकांना लक्षणांची माहिती देण्यात आली आणि थेट फोन करता येईल असे तपासणी पथक ठेवण्यात आले. तेव्हा तिथला हा काळ साधारण ५ आठवड्यांवर आला, जेव्हा तुलनेच्या भागांत तो १६ आठवडे होता. माहिती देण्याची मोहीम थांबली, तेव्हा तो पुन्हा १५ आठवड्यांपर्यंत गेला. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अधिक विचार करायला लावणारी वाटली, कारण आपल्याकडे जनजागृती म्हणजे १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, काढायची फेरी असा समज पक्का झाला आहे.

दुपारच्या सत्रात या पद्धतीची जडणघडण समजावून देण्यात आली. १९९२ मध्ये मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या एपिसोडच्या, म्हणजे हा आजार पहिल्यांदाच उसळलेल्या, तरुणांसाठी वेगळे केंद्र सुरू केले. तरुणांना जुनाट आजाराच्या रुग्णांमध्ये बसवून त्यांच्या मनात निराशा भरू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. अमेरिकेत ३४ साध्या सामुदायिक दवाखान्यांत एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या दवाखान्यांना चार गोष्टी एकत्र देण्याचे प्रशिक्षण मिळाले होते : बेताचे औषध, व्यक्तिगत समुपदेशन, कुटुंबाचे शिक्षण, आणि शाळा-नोकरीसाठी मदत. दोन वर्षांत तिथले तरुण उपचारात अधिक काळ टिकले आणि त्यांचे जगणे अधिक सुधारले, पण त्यातही ज्यांच्यावर उपचार लवकर सुरू झाले त्यांना फायदा अधिक झाला. हे दवाखाने नामांकित विद्यापीठांचे नव्हते, ही बाब आमच्यासारख्यांसाठी मोलाची आहे.

औषधांबद्दल सरांचा भर एकाच गोष्टीवर होता. पहिल्या एपिसोडमध्ये कमी मात्रा बहुधा पुरते आणि दुष्परिणाम मात्र लवकर होतात, म्हणून सुरुवात हलकी करावी आणि पहिली गोळी देण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर यांची नोंद करावी. सिस्टरांनी त्याच संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरून शिंप्याची टेप विकत घेतली. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही गुण येत नसेल तर क्लोझापिन या औषधाचा विचार वर्षानुवर्षे लांबवू नये, मात्र त्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी हवी, हेही त्यांनी बजावले.

संध्याकाळी पावसाने जोर धरला. खडकवासल्यातून पाणी सोडल्याने भिडे पूल पाण्याखाली गेला होता आणि लकडी पुलाच्या कठड्याशी माणसे छत्र्या धरून नदी पाहत उभी होती. पावसाळ्यात पेठांमध्ये जाणे असेल तर भिडे पूल गृहीत धरू नये.

शुक्रवार : आई दाराशी उभी राहते

श्रावणातला शुक्रवार म्हणून आत्याने सकाळीच जिवतीचा कागद भिंतीला लावून पूजा केली. मुलाबाळांच्या खुशालीसाठी करायची ही पूजा आटोपून तिने आम्हा तिघांच्या डब्यात पुरणपोळी दिली. त्या दिवसाचा विषयही घरच्यांचाच होता, त्यामुळे मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर बोलणे आपोआप तिकडे वळले.

समुपदेशक मॅडमनी आधी आपल्या दवाखान्यांतले नेहमीचे चित्र मांडले. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे पेशंट, आणि आई पिशवी छातीशी धरून दाराशी उभी. तिला विचारले जाते ते एवढेच : झोपतो का, जेवतो का, गोळ्या घेतो का. मग मॅडमनी टेबल बाजूला सरकवले आणि पाच खुर्च्या गोल मांडल्या. आमच्या सिस्टरांना आईची भूमिका दिली, सांगलीकडच्या एका डॉक्टरांना डॉक्टरचीच. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, भावकीतल्या कुणीतरी करणी केलीय. माझं पोर असं नव्हतं." डॉक्टरांच्या तोंडून चटकन निघून गेले, "हे असलं काही नसतं, अंधश्रद्धा सोडा." मॅडमनी हात वर करून प्रसंग थांबवला आणि सिस्टरांना विचारले की आता तुम्हाला पुढे काय सांगावेसे वाटते. सिस्टर म्हणाल्या, "काही नाही."

त्यानंतर मॅडम स्वतः त्या खुर्चीत बसल्या. "काकू, तुम्ही त्याला देवरुष्याकडे नेलंत, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे घरात सगळ्यांच्या आधी तुम्ही ओळखलंत. तिथे नेल्यावर काय फरक पडला?" सिस्टर थोडे थांबून म्हणाल्या की दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. "मग आता आपण दुसरा रस्ताही बघू या. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गोळी चुकवायची नाही. आणि त्याला बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं कुणी सुचवलं तर आधी मला फोन करा." भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा या शेवटच्या वाक्यात तडजोड नाही, हे त्यांनी आम्हाला नंतर स्वतंत्रपणे सांगितले.

प्रत्येक आई केव्हा ना केव्हा विचारतेच, "माझं काही चुकलं का?" या प्रश्नाला उत्तर ताबडतोब आणि निःसंदिग्ध द्यावे, हा मॅडमचा आग्रह होता. आईच्या वागण्यातून हा आजार उद्भवतो असे मानणारा विचार गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रुजला होता, आणि तो टाकून दिला गेला तरी त्याची सावली आपल्या प्रश्नांच्या सुरात उरली आहे. घरच्यांमुळे आजार होत नाही. मात्र घरात सततची टीका, वैर किंवा श्वास घेऊ न देणारी काळजी असेल तर तो उलटण्याची शक्यता वाढते. हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. चंदीगडमध्ये तशाच पद्धतीने पाहणी झाली तेव्हा तिथल्या कुटुंबांत असा ताण लंडनपेक्षा कमी आढळला. चेन्नई आणि मॉन्ट्रियल येथील पहिल्या एपिसोडच्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हाही चेन्नईतील कुटुंबे उपचारात अधिक गुंतलेली दिसली. आपल्याकडे घरचे माणूस आधीच रुग्णाबरोबर दवाखान्यात आलेले असते. परदेशातील केंद्रांना ज्यासाठी खटपट करावी लागते ते आपल्या दाराशी उभे असताना त्याला आत न घेणे हे मला या प्रशिक्षणानंतर असह्य वाटते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू टाकून रुग्णांजवळ राहू दिले होते, म्हणजे हा विचार आपल्याला उसना घ्यावा लागलेला नाही.

दुपारभर आम्ही वाक्ये घडवण्याचा सराव केला. "तू नेहमीच आळशीपणा करतोस" याऐवजी "आज तू दहाला उठलास, त्यामुळे मला दुकान उघडायला उशीर झाला, उद्या आठला उठशील का?" असे म्हणायचे. वाचताना हे सोपे वाटते, पण सभागृहातील अनुभवी माणसांनाही दुसऱ्या वाक्यापर्यंत यायला चार-चार प्रयत्न लागले. आणि साथीदार तरुणाने त्यात एक भर घातली की घरच्यांना हे शिकवताना मुलाची संमती घ्या, त्याने आपल्याला सांगितलेले सगळे त्यांच्यापुढे ओतू नका. २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा आणि आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचाही. हे कागद रुग्ण बरा असताना, घरच्यांसमोर, शांतपणे भरून घ्यावेत.

शनिवार : सिंहगड रस्त्यावरील गट

सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खाल्ली. बार्शीच्या जिभेला ती गोडसर लागते आणि पावाऐवजी स्लाइस पाहून डॉक्टर क्षणभर थबकले, पण पावसाळी सकाळी ती फार छान लागली. रांग असते, म्हणून नऊच्या आत जावे.

पुण्यात या कामाची परंपरा आहे. कॅनडातील कॅल्गरीत प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था इथे १९९७ मध्ये उभी केली. घरच्या माणसाला शुभंकर आणि आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी म्हणण्याचा प्रघात इथल्या गटांमध्ये सहज रुळलेला आहे. आम्ही सिंहगड रस्त्यावरील अशाच एका गटाला, सर्वांच्या परवानगीने, गेलो. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

एका वडिलांची अडचण त्या दिवशी घेतली गेली. मुलगा रात्री दोन-तीनपर्यंत जागा राहून घरात येरझाऱ्या घालतो, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, आणि वडिलांना पहाटे कामावर जायचे असते. गट चालवणाऱ्या ताईंनी फळ्यावर अडचण एका वाक्यात लिहिली आणि मुलालाच विचारले की वाक्य बरोबर आहे का. त्याने "येरझाऱ्या" खोडून "फिरतो" असे लिहायला सांगितले. ताईंनी ते लिहिले. मग जमलेल्या सात-आठ कुटुंबांनी उपाय सुचवले : रात्रीची गोळी लवकर, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, दुपारची झोप बंद, जाड चटई, संध्याकाळी कोणाबरोबर तरी फेरफटका. एकाने "दरडावून झोपवा" असेही सुचवले, तेही फळ्यावर लिहिले गेले. प्रत्येकाचे फायदे-तोटे मांडून झाल्यावर निवड मुलाने केली. चटई आणि संध्याकाळी मामाबरोबर फिरणे. फोनचे त्याने मान्य केले नाही. गोळीच्या वेळेचे डॉक्टरांना विचारायचे ठरले आणि पुढच्या बैठकीत आढावा. वडील मला नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणी विचारलं की तुला काय चालेल."

गटातून परतताना शिक्षण-नोकरीचे काम पाहणाऱ्या सरांशी गप्पा झाल्या. पूर्ण बरे होईपर्यंत घरी बसवून ठेवावे, हा सल्ला त्यांना मान्य नाही. मुलाची इच्छा असेल तर सुरुवातीलाच, थोड्या तासांपासून, कॉलेज किंवा काम पुन्हा सुरू करावे आणि आधार त्या जागी द्यावा. बार्शीत त्यांचे म्हणणे कसे उतरवायचे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी विचारले की तुमच्याकडे दाळमिल, किराणा दुकाने, शेती, मुलांच्या काकांचे व्यवसाय हे सगळे नाही का. उत्तर माझ्यापाशी होतेच.

रविवार : परतीचा आराखडा

शेवटचे सत्र नियोजनाचे होते. केवळ सभागृहात ऐकून दवाखान्याची रीत बदलत नाही, म्हणून पुढील वर्षभर दर महिन्याला व्हिडिओवर चर्चा होणार असून तिथे प्रत्येक पथकाने एक चालू केस मांडायची आहे. शंका घेणाऱ्या एका सहभागी डॉक्टरांना सरांनी साताऱ्याचे उदाहरण दिले. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे सायकोसिसच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराच्या, रुग्णांना घरी जाऊन साथ देण्याबाबतचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या तीन ठिकाणांपैकी सातारा एक होते. तिथे हे काम प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी केले, आणि तिन्ही ठिकाणे मिळून वर्षभरात लक्षणे व अपंगत्व या दोहोंत माफक का होईना, सुधारणा दिसली. मनुष्यबळ नाही ही सबब त्यानंतर कोणी पुढे केली नाही.

अशा प्रशिक्षणाला जाणाऱ्यांनी नावे झाकलेले दोन-तीन केसपेपर, आपल्या ओपीडीचे वेळापत्रक आणि जवळच्या शाळा-महाविद्यालयांची यादी बरोबर न्यावी. या तिन्हींचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

स्वारगेटहून दुपारची गाडी मिळाली आणि यवतच्या पुढे ऊन पडले. गाडीतच आम्ही ठरवले ते असे : संशयित पहिल्या एपिसोडसाठी रोज एक जागा मोकळी ठेवायची, फोन आल्यापासून आठवड्याच्या आत भेट द्यायची, आणि पहिल्या भेटीत घरच्यांसाठी अर्धा तास वेगळा राखायचा. रात्री-अपरात्री आमचा फोन लागला नाही तर उपयोगी पडावा म्हणून टेली-मानस या सरकारी दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक केसपेपरवर शिक्का मारून द्यायचा. कुटुंबांची बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यायची, कारण त्या दिवशी खेड्यांतून माणसे बार्शीला येतातच आणि वेगळी मजुरी बुडत नाही. पहिली बैठक गणपतीनंतरच्या बाजाराला आहे. चार कुटुंबांनी होकार कळवला आहे आणि त्यांतील दोघांनी रुग्णाच्या भावंडांनाही आणू का, असे विचारले आहे.